अंधाराची कड हरवते तेव्हा: 25 डिसेंबर 2022 ची ध्रुवटोपी

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं लाँगइयरब्येन हे गाव 78 अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. त्यामुळे आकाशाकडे तोंड करून बसवलेल्या कॅमेऱ्यांना भर दुपारीही अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, टिपता येतो. 25 डिसेंबर 2022 ला अंधार आणखी दाट होता, कारण दोनच दिवसांपूर्वी अमावस्या झाली होती आणि चंद्रही क्षितिजाखालीच होता. अशा काळ्याभोर आकाशात तिथल्या कॅमेऱ्याला हिरवा उजेड दिसला. त्याला पडद्यासारख्या घड्या नव्हत्या, उभे किरण नव्हते, लुकलुक नव्हती. दुधात पाणी मिसळावं तसा तो सगळीकडे सारखा पसरलेला होता.

अरोरावर काम करणारा माणूस असं दृश्य पाहून थबकतो. अरोरा म्हटलं की आकार आलाच. आकार नसलेला, आभाळभर पसरलेला उजेड क्वचितच दिसतो. डीएमएसपी या अमेरिकी हवामान उपग्रहांवरच्या अतिनील कॅमेऱ्यांची चित्रं पाहिल्यावर कोडं वाढलं. चुंबकीय ध्रुवाभोवती अरोराचं एक कडं असतं आणि कड्याच्या आतला भाग काळा असतो, हे चित्र या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पहिल्या दिवसापासून बसलेलं असतं. इथे उत्तर गोलार्धात कड्याच्या आतला भागच भरून निघाला होता, हजारो किलोमीटरच्या विस्तारात. दक्षिण गोलार्धात तसं काही नव्हतं.

त्याच सुमारास सौरवात, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, जवळजवळ थांबला होता. एरवी पृथ्वीजवळच्या सौरवातात दर घन सेंटिमीटरला पाच ते दहा कण असतात; दिवसभराहून अधिक काळ ही संख्या एकाच्याही बरीच खाली उतरली होती. केसुके होसोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये या घटनेचा उलगडा मांडला. सूर्याच्या प्रभामंडलातून थेट आलेल्या इलेक्ट्रॉनांनी, म्हणजे ‘ध्रुवीय पावसा’ने, हा उजेड निर्माण केला होता. जमिनीवरून असा अरोरा ओळखला जाण्याची ती पहिलीच वेळ.

मला ही घटना एका वेगळ्या प्रश्नासाठी मोलाची वाटते. त्या दिवशी कोणी ध्रुवटोपीची, म्हणजे अरोराच्या कड्याच्या आतल्या त्या प्रदेशाची, सीमा शोधायला बसलं असतं, तर कोणत्या पद्धतीने काय उत्तर दिलं असतं आणि त्यातलं कुठलं मानायचं? पुढचा ऊहापोह आणि त्यातले ढोबळ हिशेब माझे आहेत.

सीमा कशाची?

पृथ्वीच्या बहुतेक चुंबकीय बलरेषा दक्षिण गोलार्धातून निघतात आणि उत्तर गोलार्धात शिरतात. त्यांचे दोन्ही पाय पृथ्वीतच रोवलेले असतात, म्हणून त्यांना बंद रेषा म्हणतात. ध्रुवांजवळच्या रेषांचा एक पाय पृथ्वीत असतो आणि दुसरं टोक थेट सौरवाताच्या चुंबकक्षेत्रात गेलेलं असतं. या खुल्या रेषा. त्या खुल्या कशा होतात याचं चित्र जेम्स डंजी यांनी 1961 मध्ये मांडलं. दिवसाच्या बाजूला पृथ्वीच्या रेषा आणि सौरवाताच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात, सौरवात त्यांना ध्रुवांवरून रात्रीच्या बाजूला ओढत नेतो, आणि मागे चुंबकावरणाच्या (पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राने व्यापलेल्या अवकाशाच्या) शेपटीत त्या पुन्हा जुळून बंद होतात. या चक्रात कुठल्याही क्षणी ज्या रेषा खुल्या आहेत, त्यांचे पाय वरच्या वातावरणात जिथे टेकतात तो प्रदेश म्हणजे पोलर कॅप. आपण त्याला ध्रुवटोपी म्हणू.

ही व्याख्या लक्षपूर्वक वाचली तर त्यात प्रकाशाचा उल्लेखच सापडत नाही. इलेक्ट्रॉनांचा नाही, विद्युतप्रवाहांचाही नाही. सीमा आहे ती रेषेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याची. ते टोक लाखो किलोमीटर दूर असतं, आणि तिथपर्यंत हात पोचेल असं कोणतंही यंत्र आपल्याकडे नाही. आपण खुणा वाचतो. बंद रेषांवर शेपटीतला तापलेला प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) अडकून राहतो, तिथून कण खाली झरतात, अरोरा उमटतो. खुल्या रेषांवर तसा साठा टिकत नाही, म्हणून तिथे अंधार. ‘उजेड संपला तिथे सीमा’ हा नियम यातून आला. बहुतेक दिवशी तो नीट चालतो. त्याच्या पोटात एक गृहीतक आहे: खुल्या रेषांवरून दखल घेण्याजोगं काही खाली येत नाही. 25 डिसेंबरला नेमकं हेच गृहीतक कोसळलं.

एका अंशाची किंमत

सीमा थोडी इकडेतिकडे झाली तर काय बिघडतं? बरंच बिघडतं, आणि ते आकड्यांतच पाहिलेलं बरं.

ध्रुवटोपी चुंबकीय ध्रुवाभोवती 15 अंश त्रिज्येचं वर्तुळ आहे असं धरू. ही अगदी सर्वसाधारण स्थिती. सुमारे 110 किलोमीटर उंचीवर या वर्तुळाचं क्षेत्रफळ 90 लाख चौरस किलोमीटर भरतं. तिथलं उभ्या दिशेचं चुंबकक्षेत्र साधारण 55,000 नॅनोटेस्ला घेतलं तर खुल्या रेषांचा एकूण अभिवाह, म्हणजे क्षेत्रफळ गुणिले चुंबकक्षेत्र, 0.5 गिगावेबर येतो. आता सीमा सगळीकडे फक्त एका अंशाने चुकली असं समजा. क्षेत्रफळ सुमारे 12 लाख चौरस किलोमीटरने बदलतं आणि अभिवाह 0.065 गिगावेबरने, म्हणजे तेरा टक्क्यांनी.

हा अभिवाह सारखा बदलत असतो. दिवसाच्या बाजूची जोडणी त्यात भर घालते, रात्रीची जोडणी तो कमी करते. फॅरेडेच्या नियमानुसार या दोन दरांतला फरक व्होल्टमध्येच निघतो. दिवसाच्या बाजूची जोडणी 100 किलोव्होल्टच्या जोमाने चालू असली, तर 0.065 गिगावेबर साठायला अकरा मिनिटं लागतात. सीमेतली एक अंशाची चूक म्हणजे अकरा मिनिटांच्या जोरदार जोडणीचा खोटा हिशेब.

25 डिसेंबरसारख्या दिवशी चूक अंशा-दोन अंशांची राहत नाही. एखाद्या स्वयंचलित पद्धतीने टोपी भरलेली पाहून ‘अंधार नाही, म्हणजे खुला प्रदेश नाही’ असा निष्कर्ष काढला, तर 0.5 गिगावेबरचे थेट शून्य होतात. डीएमएसपी उपग्रहाची एक फेरी 102 मिनिटांची असते. आधीच्या फेरीत टोपी काळी आणि या फेरीत भरलेली दिसली, तर हिशेब सांगेल की मधल्या वेळात शेपटीत सरासरी 82 किलोव्होल्टची जोडणी चालली. सौरवात जवळपास नाहीसा झालेला असताना वादळी दिवसाला शोभेल असा हा आकडा! तो एखाद्या तक्त्यात जाऊन बसला आणि पुढे सरासऱ्यांत मिसळला, की तो खोटा आहे हे कुणाला कळायला मार्ग उरत नाही. मला यातलं सगळ्यात चिंतेचं हेच वाटतं.

चित्रावरून सीमा काढताना

उपग्रहाच्या अतिनील चित्रांतून सीमा काढायची रुळलेली रीत अशी. चुंबकीय ध्रुवाभोवतीचा प्रदेश तासातासाच्या पाचरांत वाटायचा. प्रत्येक पाचरीत अक्षांशानुसार तेजस्विता कशी चढते-उतरते याचा आलेख काढायचा. त्यावर घंटेच्या आकाराचा एक वक्र बसवायचा. अरोराचे दोन पट्टे असतील तर दोन. पार्श्वभूमीसाठी आणखी एक संथ वक्र जोडायचा. मग ध्रुवाकडच्या घंटेच्या ध्रुवाकडच्या उतारावर, जिथे तेज शिखराच्या निम्म्यावर येतं, तिथे खूण करायची. 2000 ते 2005 या काळात इमेज नावाच्या उपग्रहाने दर दोन मिनिटांना एक अशी चित्रं पाठवली, आणि त्यांच्या आधारे सीमांचे मोठे संच तयार झाले. कणमापक उपग्रहांनी दाखवलेल्या सीमेशी ताडून पाहिलं की या खुणा एखादा अंश इकडेतिकडे पडतात; कुठल्या प्रहराला किती, हेही बऱ्यापैकी ठाऊक झालेलं आहे.

या रीतीतली ‘पार्श्वभूमी’ ही चीज आपल्या प्रकरणात कळीची ठरते. टोपीतला उजेड सपाट आणि मंद असेल, तर संथ वक्र तो गिळून टाकेल, वरची घंटा शिल्लक राहील आणि सीमा जवळपास बरोबर जागी पडेल. म्हणजे नियमाचं गृहीतक मोडलं तरी गणित सुखरूप सुटेल. टोपीतला उजेड कड्याच्या तोडीचा असेल, तर मात्र घंटेला ध्रुवाकडचा उतारच उरत नाही. मग वक्र दूरवर जिथे कुठे तेज घटताना दिसेल तिथे जाऊन बसतो. सौरवात मंदावलेल्या दिवशी अरोराचं नेहमीचं कडंही फिकट होण्याचीच शक्यता अधिक, त्यामुळे ही दुसरी अवस्था जवळची. अशा वेळी ‘वक्र नीट बसला’ एवढ्यावर विसंबून चालत नाही. तो कशावर बसला ते चित्र उघडून डोळ्यांनी पाहावंच लागतं.

आणखी एक गोष्ट. डीएमएसपीचा कॅमेरा इमेजसारखा सगळी टोपी एका क्षणात टिपत नाही. उपग्रह पुढे सरकतो तसतशी पट्टी-पट्टी जोडत चित्र बनतं. ध्रुवीय प्रदेश ओलांडायला त्याला सुमारे वीस मिनिटं लागतात. चित्राच्या एका काठावरचा उजेड आणि दुसऱ्या काठावरचा उजेड यांत एवढं अंतर असतं. ध्रुवीय पावसासारख्या संथ गोष्टीत याने फारसं बिघडत नाही, पण चित्र हातात घेताना ते ध्यानात ठेवलेलं चांगलं.

जमिनीवरच्या कॅमेऱ्याचा घोळ उंचीत

लाँगइयरब्येनचा चुंबकीय अक्षांश सुमारे 75 अंश आहे, म्हणजे वर धरलेल्या वर्तुळाच्या अगदी काठावर. पृथ्वी फिरते तशी ही जागा दुपारी सौरवातातले कण थेट शिरतात त्या फटीखाली येते, आणि रात्री टोपीच्या आत किंवा कडेशी. सीमा पाहायला यापेक्षा चांगली जागा मिळणं कठीण.

जमिनीवरून रात्रीच्या बाजूची सीमा शोधायला शक्यतो 630 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश वापरतात. ध्रुवाकडून खाली येत येत तांबडं तेज एकाएकी पायरीसारखं वाढतं ती जागा पकडायची. तांबडा का, याचं कारण सोपं आहे. सीमेलगत झरणारे इलेक्ट्रॉन पुष्कळदा कमी ऊर्जेचे असतात आणि दोन-अडीचशे किलोमीटर उंचीवरच थांबतात. तिथला ऑक्सिजन अणू तांबडा उजळतो. 557.7 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश साधारण 110 किलोमीटरवरून येतो आणि त्यासाठी जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लागतात. नेहमीचा ध्रुवीय पाऊस शे-दोनशे इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे कणांच्या ऊर्जेचं एकक) आणि अत्यंत विरळ असतो. तो वरच विरून जातो, डोळ्यांना काही दिसत नाही. तांबड्या पद्धतीला त्याचा त्रास होतो तो एवढाच की पार्श्वभूमी किंचित उचलली जाते. (टोपीतून वाहत जाणारे दाट प्लाझ्माचे पुंजके तांबड्यात चमकतात आणि पद्धतीला चकवतात, तो वेगळा आणि नेहमीचा त्रास.)

त्या दिवशीचा पाऊस हिरवा होता. एवढ्या एका निरीक्षणावरून पुष्कळ काही कळतं: इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर असणार, कारण त्याशिवाय ते तितके खोल उतरतच नाहीत. उपग्रहांवरच्या कणमापकांनीही तेच दाखवलं.

आता या हिरव्या उजेडाची कड नकाशावर कुठे मांडायची? कॅमेरा फक्त दिशा देतो. अंतर काढायचं तर उजेडाची उंची आपल्याला धरावी लागते. क्षितिजापासून 10 अंश वर दिसणारी कड 110 किलोमीटर उंचीवर आहे असं धरलं, तर पृथ्वीची वक्रता हिशेबात घेऊन ती सुमारे 500 किलोमीटर दूर निघते. तीच कड 150 किलोमीटरवर धरली तर 650 किलोमीटर दूर. फरक दीडशे किलोमीटरचा, म्हणजे सव्वा अंशाहून थोडा जास्त. चुकून तांबड्याची 230 किलोमीटर उंची वापरली गेली, तर अंतर 900 किलोमीटरपर्यंत जातं आणि चूक साडेतीन अंशांवर पोचते. 30 अंश वर दिसणाऱ्या कडेसाठी मात्र 110 आणि 150 यांतला फरक फक्त 65 किलोमीटरचा उरतो.

हा फरक अशा दिवशी एरवीपेक्षा जास्त छळतो. हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन आपली बहुतेक ऊर्जा दीडशे किलोमीटरच्या आसपास टाकतो, दहा हजाराचा 105 च्या आसपास. हिरवा रंग दिसला म्हणून सवयीने 110 धरणं म्हणूनच धोक्याचं. पडदे किंवा किरण असलेल्या अरोराची उंची दोन ठिकाणांहून एकाच वेळी छायाचित्र घेऊन काढता येते, कारण दोन्ही चित्रांत तोच एक कंगोरा ओळखता येतो. निराकार उजेडात ओळखायला कंगोराच नसतो! मी असतो तर क्षितिजालगतचे 20 अंश सरळ गाळून टाकले असते आणि त्यापुढची कडही एकाऐवजी दोन उंचींसाठी मांडली असती.

तीन संशयित

टोपी भरलेली दिसली तर त्याची तीन कारणं असू शकतात, आणि प्रत्येकात सीमेचं उत्तर वेगळं येतं.

पहिलं: टोपीच खरोखर आक्रसली आहे. सौरवाताचं क्षेत्र उत्तराभिमुख असताना दोन्ही गोलार्धांतल्या खुल्या रेषा दिवसाच्या बाजूला एकमेकींना जुळून बंद होऊ शकतात. मग अरोरा सकाळ आणि संध्याकाळ या दोन्ही बाजूंनी ध्रुवाकडे सरकतो आणि मधे अरुंद काळी फट उरते. हे घडत असेल तर उजेड बंद रेषांवरचा आहे आणि ‘उजेड संपला तिथे सीमा’ हा नियम शाबूत आहे.

दुसरं: टोपी ओलांडून जाणारी कमान. 1982 मध्ये डायनॅमिक्स एक्सप्लोरर-1 च्या चित्रांत कड्याच्या आरपार गेलेली अरोराची आडवी रेघ दिसली. ग्रीक थीटा अक्षरासारखी आकृती म्हणून तिचं नाव थीटा अरोरा पडलं. अशी कमान खुल्या प्रदेशाचे दोन तुकडे करते, म्हणजे सीमाही एकाऐवजी दोन बंद वक्रांची होते.

तिसरं: ध्रुवीय पाऊस. हे नाव 1974 मध्ये विनिंगहॅम आणि हायक्किला यांनी आयसिस-1 उपग्रहाच्या नोंदींवरून दिलं. सूर्यापासून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा एक अरुंद झोत सौरवाताच्या बलरेषांना धरून बाहेर धावतो. ती रेषा पृथ्वीच्या खुल्या रेषेला जोडलेली असली की झोत थेट ध्रुवटोपीवर उतरतो. इथे उजेड खुल्या रेषांवरचा आहे, आणि नियम पार उलटा होतो.

तिघांना वेगळं करायला रचना ही पहिली कसोटी. पहिल्या दोन्हींत कमानी, पट्टे, कडा असतातच, कारण पृथ्वीजवळच्या विद्युतक्षेत्रांनी इलेक्ट्रॉनांना अरुंद पट्ट्यांत वेग दिलेला असतो. पावसाचा उगम सूर्याजवळ असतो. तिथून इथवर येताना तो हजारो किलोमीटरच्या रुंदीत सारखाच असतो. लाँगइयरब्येनच्या आकाशातला घडीविरहित हिरवा रंग तिसऱ्या संशयिताकडे बोट दाखवतो.

दुसरी कसोटी गोलार्धाची, आणि ती मला जास्त देखणी वाटते. बंद रेषेचे दोन पाय दोन गोलार्धांत असतात. तिच्यावरून कण झरले तर दोन्हीकडे काही ना काही उमटायला हवं. खुल्या रेषेला एकच पाय. सूर्याकडून येणारा झोत नेहमी सूर्यापासून दूर धावतो. सौरवाताचं क्षेत्र सूर्यापासून बाहेरच्या दिशेने असेल तर तो क्षेत्राच्या दिशेनेच जातो, आणि पृथ्वीचं क्षेत्र उत्तर ध्रुवावर आत शिरत असल्यामुळे उत्तरेत उतरतो. क्षेत्र सूर्याकडे असेल तर दक्षिणेत. एका वेळी एकाच टोपीवर पाऊस. 25 डिसेंबरला तो उत्तरेत होता.

या कसोटीला एक अडचण आहे, आणि तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं. डिसेंबरात दक्षिण टोपीवर चोवीस तास ऊन असतं. सूर्यप्रकाशाने तिथली हवा अतिनील प्रकाशात स्वतःच चमकते, आणि मंद, निराकार अरोरा त्या चमकेत सहज बुडून जातो. ‘दक्षिणेत दिसलं नाही’ हे ‘दक्षिणेत नव्हतं’ याच्या बरोबरीचं होण्यासाठी प्रकाश न पाहणारा साक्षीदार लागतो.

आयनांची साक्ष

असा साक्षीदार त्याच उपग्रहांवर असतो. डीएमएसपी सुमारे 840 किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो. त्याचं कणमापक यंत्र दर सेकंदाला खाली येणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा आणि आयनांचा (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंचा) एकेक वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती कण आले ते, नोंदवतं, 30 इलेक्ट्रॉनव्होल्टपासून 30 हजारांपर्यंत, 19 पायऱ्यांत. ऊन असो वा अंधार, त्याला फरक पडत नाही. सीमा ओलांडल्याचा क्षण तो सात-आठ किलोमीटरच्या अचूकतेने सांगतो. कॅमेऱ्याची कुठलीही रीत याच्या जवळपासही येत नाही.

या नोंदींत ध्रुवीय पावसाची ओळख इलेक्ट्रॉनांपेक्षा आयनांवरून पटते. शेपटीतल्या तापलेल्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही असतात, म्हणून बंद रेषांवर दोन्ही खाली झरतात. सौरवातातले आयन जड आणि संथ. प्रवाहाबरोबर ते शेपटीच्या दिशेने पुढे वाहून जातात, बलरेषेवरून उलटं फिरून ध्रुवापर्यंत येणं त्यांना जमत नाही. हलके, वेगवान इलेक्ट्रॉन मात्र येतात. इलेक्ट्रॉन भरपूर आणि आयन गायब, असं दिसलं की रेषा खुली. जिथे आयन सुरू होतात तिथे बंद रेषांचा प्रदेश लागला. इलेक्ट्रॉनांच्या वर्णपटाचा आकारही मदत करतो: पावसाचा वर्णपट सलग उतरत जातो, वेग मिळालेल्या अरोराच्या इलेक्ट्रॉनांत एका ठराविक ऊर्जेला उंचवटा येतो.

म्हणून अशा दिवशी मी इलेक्ट्रॉनांवर आधारलेली स्वयंचलित सीमा बाजूला ठेवून आयनांची सीमा वापरेन. तिच्यातही खोट आहे. संध्याकाळ आणि सकाळ या दोन बाजूंना आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत, आणि शांत दिवशी आयनांचा ओघ इतका बारीक होतो की तो केव्हा सुरू झाला यावर दोन माणसांचं एकमत होणं कठीण. तरीही ही चूक अंशाच्या आतली. टोपीच नाही असं म्हणण्याची चूक तिच्यात होत नाही.

कणमापकाची खरी मर्यादा दुसरीच. एका फेरीत एका गोलार्धात तो सीमा दोनदा ओलांडतो, एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर पडताना. शंभर मिनिटांत दोन बिंदू. दोन बिंदूंतून वर्तुळ ठरत नाही, आणि ध्रुवटोपी तर वर्तुळही नसते. तिचा मध्य रात्रीच्या बाजूला सरकलेला असतो. तीन उपग्रह एकाच वेळी चालू असले तरी ते दिवसाच्या ठरलेल्या प्रहरांनाच सीमा ओलांडतात, बाकीचा परीघ कोराच राहतो.

परीघ भरून काढायला इतर दोन साधनं असतात, पण या प्रकरणात ती फार कामाला येत नाहीत. सुपरडार्न रडारांचं जाळं परत आलेल्या प्रतिध्वनीच्या वर्णपटाची रुंदी मोजतं आणि ती एकाएकी वाढते तिथे सीमा मानतं. रात्रीच्या पहिल्या भागात ही खूण चांगली जुळते, पहाटे नाही, आणि शांत दिवशी प्रतिध्वनीच कमी येतात. इरिडियमच्या 66 उपग्रहांवरच्या चुंबकमापकांतून बलरेषांवरच्या विद्युतप्रवाहांचा नकाशा निघतो. पण प्रवाह क्षीण झाले की तो गोंगाटात हरवतो.

उजेडाच्या कडेने आखलेली टोपी

इथवर मी त्या हिरव्या उजेडाकडे अडथळा म्हणून पाहिलं. आयनांच्या साक्षीने तो पाऊस आहे हे एकदा ठरलं, की त्याचा उपयोगच करून घेता येतो. एरवी टोपीच्या आत पाहण्यासारखं काही नसतं. आपण तिची हद्द शेजाऱ्याच्या कुंपणावरून ओळखतो. त्या दिवशी खुल्या रेषा स्वतःच उजळल्या होत्या. जिथवर एकसारखा उजेड, तिथवर रेषा सूर्याला जोडलेल्या. ज्या जोडणीपर्यंत आपला हात पोचत नाही, तिच्यावरूनच इलेक्ट्रॉन खाली आले आणि त्यांनी तिचे पाय रंगवून दाखवले.

अर्थात या कडेलाही तपासून घ्यावं लागतं. पाऊस सगळीकडे सारखा जोरदार नसतो. टोपीच्या एका बाजूकडून दुसरीकडे तो पातळ होत जाऊ शकतो, आणि जिथे तो कॅमेऱ्याच्या कुवतीखाली गेला तिथे उजेड संपतो, सीमा मात्र पुढेच असते. म्हणून उजेडाची कड ही सीमेची आतली मर्यादा: सीमा तिच्यावर किंवा तिच्या बाहेर. अरोराचं कडं मात्र बाहेरची मर्यादा देतं: सीमा त्याच्या ध्रुवाकडच्या कडेवर किंवा आत. दोन्ही कडा एकमेकींना चिकटल्या असतील तर अशा दिवशी सीमा एरवीपेक्षा पक्की सापडते, कारण तिला दोन्ही बाजूंनी पकडलेलं असतं. दोन्हींच्या मधे काळी पट्टी असेल, तर ती पट्टीच आपल्या अनिश्चिततेची रुंदी.

असाच एक दिवस आधीही येऊन गेला होता. 11 मे 1999 ला सौरवाताची घनता दर घन सेंटिमीटरला 0.2 पर्यंत घसरली होती, आणि पोलर उपग्रहाच्या क्ष-किरण कॅमेऱ्याला उत्तर ध्रुवटोपी चमकताना दिसली होती. मे महिन्यात लाँगइयरब्येनला मध्यरात्रीही ऊन असतं, त्यामुळे तेव्हा जमिनीवरून काही दिसण्याची शक्यताच नव्हती. 2022 मध्ये सौरवात थांबला तो डिसेंबरात, अमावस्येला लागून, उत्तरेत पाऊस पाडणाऱ्या दिशेचं क्षेत्र असताना, आणि आकाश मोकळं असताना.

सीमांचे स्वयंचलित संच तयार करणाऱ्यांनी या दिवसासाठी काय करावं? माझं मत असं: सौरवाताची घनता एकाखाली गेली की चित्रांवरून काढलेल्या सीमांपुढे आपोआप खूण पडावी, आणि त्या खुणेच्या नोंदी आयनांच्या सीमेशी ताडल्याशिवाय अभिवाहाच्या हिशेबात घेऊ नयेत. नोंदी पुसून मात्र टाकू नयेत. ज्या चित्रावर सीमा शोधणारा वक्र भलतीकडे जाऊन बसतो, त्याच चित्रात खुला प्रदेश उघड दिसत असण्याची शक्यता असते. ते कुणीतरी पुन्हा उघडून पाहील तेव्हा कडेचे दोन्ही आकडे, आतला आणि बाहेरचा, तिथे जागच्या जागी असायला हवेत.